वस्तादांचे तीन वस्तरे

वस्तादांना झटका आला त्याला सहा आठवडे झाले होते, आणि या सहा आठवड्यांत त्यांच्या दाढीला कोणाचा हात लागला नव्हता. चाळीस वर्षं ज्या माणसानं अख्ख्या पेठेचे गाल गुळगुळीत केले, त्याच्याच तोंडावर आता पांढरं रान माजलं होतं. दिव्याखाली अंधार म्हणतात तो असा. उजवा हात निकामी, उजवा गाल ओघळलेला, आणि तोंडातून शब्द निघायचा तो एकेक, तोही वाट बघायला लावून.

ताई म्हणजे त्यांची एकुलती एक मुलगी. वय सत्तेचाळीस. सकाळी आठ ते सहा ती एका लाँड्रीत इस्त्रीच्या टेबलाशी उभी असायची, आणि घरी आली की वडिलांना पुसणं, भरवणं, कूस बदलणं सुरू. रात्री पाठ टेकायची तेव्हा अंगात त्राण म्हणून नसायचं. कोणी विचारलं, "कशी आहेस?" तर ती म्हणायची, "उभी आहे." यात विनोद किती आणि खरं किती, हे विचारायच्या भानगडीत कोणी पडत नसे.

तिनं वापरून फेकायचा रेझर आणून पाहिला नव्हता असं नाही. दोन ओढीत त्यात केस अडकले आणि वस्तादांनी डाव्या हातानं तो असा भिरकावला की मोरीत जाऊन पडला. "कचरा," एवढंच म्हणाले. शब्द एकच, पण स्वच्छ निघाला. माणूस मोडेन पण वाकणार नाही या जातीचा. झटक्यानं तो मोडला होता, पण वाकायचं नाव नाही.

हे सगळं तिनं चालवून घेतलं असतं. दाढीनं काही माणूस मरत नाही. पण दर रविवारी खुर्चीकाका यायचे. वस्तादांच्या दुकानात दोन खुर्च्या होत्या, आणि दुसऱ्या खुर्चीमागे तीस वर्षं उभा राहिलेला हा माणूस. नाव तिनंच लहानपणी ठेवलेलं. ते दाराशी यायचे, आणि आत वस्ताद भिंतीकडे तोंड करून घ्यायचे. आत घेऊ नकोस, अशी डाव्या हाताची खूण. काका बाहेरूनच म्हणायचे, "अरे, मी करतो की दाढी. मला काय येत नाही का?" त्यावर तर वस्ताद पांघरूण डोक्यावर ओढायचे. कारण तीस वर्षांत या दोघांनी एकमेकांना आपल्या गालाला हात लावू दिला नव्हता. दुकान उघडायच्या आधी दोघं आपापल्या आरशासमोर आपापली दाढी करायचे आणि चोरून दुसऱ्याच्या गालाकडे बघायचे. कोणाची जास्त साफ झाली, हा वाद तीस वर्षांत मिटला नव्हता. अशा माणसासमोर दाढी वाढवून पडायचं, त्यापेक्षा वस्तादांना भिंत बरी वाटायची.

मागच्या रविवारी काका दारातच म्हणाले, "ताई, उद्याचा सोडून पुढच्या सोमवारी मी मुलाकडे चाललोय. कायमचा. तिकडून काही आता येणं होत नाही. पुढच्या रविवारी शेवटचा येतो. बघ, काय जमतंय का." आणि चप्पल घालताना त्यांना बराच वेळ लागला.

म्हणजे हातात सात दिवस होते. ताईनं कपाटातली पेटी काढली. आत तीन वस्तरे. एकाचं पातं दोन्ही अंगांनी इतकं खोल घासलेलं की धारेकडे ते कागदासारखं पातळ झालेलं. नखानं टिचकी मारली की किणकिणायचं. हा वस्तादांचा लाडका. दुसरं मध्यम, थोडंच घासलेलं. तिसरं पाचरीसारखं, पाठीपासून धारेपर्यंत सरळ उतरलेलं, जाड आणि जड. मटण तोडायला ठेवलंय की काय, असं तिला वाटलं.

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत ती धारवाल्याकडे गेली. आधी म्हणाली, शेजारच्यांसाठी विचारतेय. धारवाल्यानं चष्म्यावरून बघितलं. "ताकाला जाऊन भांडं कशाला लपवताय, ताई? वस्तादांची पेटी मी ओळखतो. हात कोणाचा बसणार आहे?"

"माझा," ती म्हणाली.

"कधी वस्तरा धरलाय?"

"भाजी चिरते."

तो हसला नाही. तिन्ही पाती त्यानं उजेडात धरून बघितली. "हे बारीक पातं वाकतं. शिकलेल्या हाताला केस कुठे आहे ते बोटांत कळतं, आणि नवख्याला ते बोटांत कळायच्या आत गालात कळतं. हे जाड वाकत नाही, पण त्याला धार लावताना माझा घाम निघतो, आणि नवख्याला ते जड होतं. मधलं घ्या. नवशिक्याला मधलंच देतात, सगळीकडे." आणि तिन्हींना धार लावून त्यानं दिली.

संध्याकाळी तिनं मधलं पातं वस्तादांसमोर धरलं. त्यांनी नकारार्थी मान हलवली. बोट जाड वस्तऱ्याकडे.

"धारवाला म्हणतो मधलं."

बोट तिथंच.

ताईला राग आला. दिवसभर दीडशे शर्टांच्या कॉलरी दाबून आलेली बाई. कोणी साधं बरं केलंस म्हणत नाही, आणि हे म्हातारं तिच्या हाती खाटकाचं हत्यार देतंय. चांगलं पातं पोरीच्या हाती द्यायचा भरवसा नाही, दुसरं काय? लहानपणी ती दुकानाच्या पायरीवर बसून अभ्यास करायची तेव्हा तो किणकिणता आवाज ऐकायची, आणि मोठी झाल्यावर आपणही असंच करायचं म्हणायची. तेव्हा वस्ताद हसून म्हणायचे, "इस्त्री शीक. इस्त्रीनं रक्त निघत नाही." ती शिकली. आता त्याच हातात वस्तरा, तोही हा.

चार दिवस तिनं फुग्यावर साबणाचा फेस लावून सराव केला. फुगा फुटला की वस्ताद डोळे मिटून घ्यायचे. तीन फुटले. वस्तऱ्याची पाठ गालापासून नखाएवढीच उचलायची, कातडं ताणायचं, मनगट नव्हे बोटं हलवायची, हे ती त्यांच्याच तुटक शब्दांतून शिकली. आणि हे सगळं ती लाडक्या पात्यानंच करत होती, कारण मधल्याला त्यांनी नाही म्हटलं होतं आणि जाडाला ती हात लावणार नव्हती. हट्टी बापाची मुलगी.

शनिवारी लाँड्रीत लग्नघरातले कपडे आले होते. ती साडेसहाला घरी पोचली, चहाही न पिता. कात्रीनं दाढी बारीक कापली, गरम फडकं ठेवलं, फेस लावला, आणि पातळ पातं उचललं. डावा गाल झाला. चक्क चांगला झाला. पात्यातून तो बारीक आवाज आला, आणि तिला एवढं बरं वाटलं की तिनं मान वर करून वडिलांकडे बघितलं. ते तिच्या मनगटाकडे बघत होते.

उजवा गाल ओघळलेला. आत बोट घालून तिनं तो ताणला. हात खांद्यापाशी जळत होता, मनगट दिवसभराच्या वजनानं थरथरत होतं, आणि तिच्या लक्षात येईपर्यंत पातं वाकलं, केस सोडून कातडीत उतरलं. रक्त आलं. फार नाही, पण फेसात रक्त दिसतं तसं दुसरीकडे दिसत नाही.

वस्ताद हलले नाहीत. तिनं जखमेवर तुरटी दाबली. "बाबा, मला नाही जमत," ती म्हणाली. "मला काहीच जमत नाही आता."

वस्तादांनी डाव्या हातानं तिचं मनगट धरलं. बराच वेळ धरून ठेवलं. मग म्हणाले, "उद्या." आणि थोड्या वेळानं, "जाड."

ती मोरीत जाऊन रडली. दुखावल्यामुळे की थकल्यामुळे, हे तिलाही सांगता आलं नसतं. पण भांडायची ताकद उरली नव्हती. सकाळी उठून तिनं जाड वस्तरा उचलला, कारण हरलेल्या माणसाला काय, काहीही चालतं.

तो तिच्या हातात वजनानं बसला. तिचं मनगट थरथरलं तरी पातं थरथरलं नाही. तिनं नुसती दिशा दिली आणि ते आपल्या ओझ्यानं खाली सरकत गेलं. आवाज नाही, डौल नाही. जखमेला वळसा घालून, हनुवटीखालून, ओठावरून. शेवटी वस्तादांनी डाव्या हाताचा उलटा पंजा गालावरून फिरवला, न्हावी फिरवतो तसा, आणि दाराकडे बोट केलं. दार उघड.

खुर्चीकाका आत आले. पलंगाशेजारी बसले. बराच वेळ दोघं एकमेकांच्या गालाकडेच बघत होते, तीस वर्षांच्या सवयीनं.

"उजवीकडे थोडी राहिलीय," काका म्हणाले.

"तुझी... पण," वस्ताद म्हणाले.

मग काकांचं लक्ष खिडकीत वाळत ठेवलेल्या वस्तऱ्याकडे गेलं. त्यांनी तो उचलला. "हा दिलास हिला?"

वस्तादांनी होकारार्थी मान हलवली.

"मला माहितीय," ताई पटकन म्हणाली, "शिकाऊला मधला देतात. माझ्यावर भरवसा नव्हता त्यांचा."

काका तिच्याकडे वळले. "कोणी सांगितलं तुला? शिकाऊ पोराला आम्ही हा हातात धरू द्यायचो नाही. हा कारागिराचा. सणावाराला दिवसभरात पन्नास दाढ्या व्हायच्या, संध्याकाळी हात उचलवत नसायचा, गिऱ्हाईक तर बसलेलं. तेव्हा तुझा बाप बारीक पातं ठेवून हा काढायचा. बारीक पात्याला हात ताजा लागतो. हा दमलेल्या हाताला सांभाळून घेतो."

आठवडाभर ती ज्याला अपमान समजून बसली होती, ते हे होतं. सहा आठवड्यांत शेजारपाजारचे, लाँड्रीचा मालक, डॉक्टर, सगळ्यांनी वस्ताद कसे आहेत हे विचारलं होतं. ती किती दमलीय हे बघितलं ते पलंगावरच्या माणसानं, ज्याला ते बोलून दाखवता येत नव्हतं.

"चहा ठेवते," ती कशीबशी म्हणाली आणि वळली.

"ताई," वस्ताद म्हणाले. पुढचा शब्द यायला वेळ लागला. ओठ हलले, थांबले, परत हलले. दोघंही वाट बघत राहिले.

"बस," ते म्हणाले.

काका उठून चहा ठेवायला आत गेले. ताई पलंगाच्या कडेला, वडिलांच्या पायाशी बसली, आणि चहा होईपर्यंत उठली नाही.