कनातीअलीकडची भजी

टायफॉईडमधून उठल्यावर मी मिरचीची भजी खाल्ली. चव बघायला एखादं नव्हे, द्रोणभर.

डॉक्टरसाहेबांनी दुखणं ओळखलं तेव्हाच बजावलं होतं, "हा टायफॉईड, म्हणजे मुदतीचा ताप. आतड्याला आतून फोड येतात. ताप उतरला तरी ते ओलेच असतात. मी सांगेपर्यंत फक्त दूध आणि पेज." निजामाच्या शेवटच्या दिवसांतलं लातूर ते. या तापावर नेमकं औषध नव्हतं. पथ्य हेच औषध.

ताप उतरला आणि गावात सिनेमाचा तंबू पुन्हा लागला. बोलपट तोच, ज्यानं मला आधी वेड लावलं होतं. सगळी माणसं म्हणजे रंगवलेली, हलणारी चित्रं, आणि एक जादूचा हंस. त्याचं पीस उपटलं की एक इच्छा पुरी!

मी हट्ट धरला. बायको म्हणाली, "मी संग येते. तोंडात काई घालायचं न्हाई."

पण तंबूत बायका कनातीपलीकडं बसायच्या. ती पलीकडं गेली, मी मोकळा झालो.

पडद्यावर पोरीनं पीस उपटलं आणि टेबलभर जेवण अवतरलं. मागच्या खेपेला इथं मी टाळ्या पिटल्या होत्या. या खेपेला लाळ सुटली. तेवढ्यात शेजारून भजीवाला गेला. पुढचा बोलपट मी पाहिलाच नाही.

सकाळी पोटात कळ, अंगात ताप. दवाखान्यात डॉक्टरसाहेबांनी पोट चाचपलं. "मऊ आहे अजून. कडक झालं तर परफोरेशन, म्हणजे आतड्याला भोक. मग माझ्या हातात काही नाही."

त्यांनी मला तिथंच ठेवून घेतलं. त्यानंतर बायको माझ्या खाटेपासून हलली नाही. ओली पट्टी बदलायची, पोटावर हात ठेवायची.

"मऊच हाय न्हवं?" मी विचारायचो.

"हाय. गप पडा."

रागावली नाही, हीच मोठी धास्ती. तिचा हात थरथरायचा, ते मला पोटावर कळायचं. कुणी पीस दिलं असतं, तर तो हात थांबू दे एवढंच मागितलं असतं.

पोट मऊच राहिलं. ताप हळूहळू उतरला. डॉक्टरसाहेबांचे आणि तिचे उपकार फिटायचे नाहीत.

घरी निघालो त्या दिवशी शेजारच्या खाटेवर टायफॉईडचाच नवा रोगी आला. मी लगेच उशाशी बसून सांगायला लागलो, "भाऊ, ताप उतरला की खरी परीक्षा. जिभेवर ताबा पाहिजे."

बायको गाठोडं बांधता बांधता म्हणाली, "भाऊ, यांचं काई ऐकू नका. डॉक्टरसाहेबांनी यांचा ताप उतरवला, अक्कल घालायचं तेवढं राहिलं."