डाव्या हाताची गिटार

माझी मुलगी पुण्याला तिच्या आईकडं राहते. आम्ही वेगळे झालो तेव्हा ती नीट बोलायलाही लागली नव्हती. तेव्हापासून उन्हाळ्याच्या सुट्टीत काही दिवस ती माझ्याकडं, सिडकोतल्या घरी येते. ती यायच्या आधी मी पडदे धुतो, फ्रीज भरतो आणि तिला आता काय आवडत असेल याचा अंदाज बांधतो. माझा अंदाज बहुतेक मागच्या वर्षीचा असतो. गिटार घेतली त्या उन्हाळ्यात मी कार्टूनची चादर घालून ठेवली होती. तिनं ती बघितली आणि तिच्यावरच झोपली.

पहिले दोन-तीन दिवस आम्ही पाहुण्यांसारखे बोलत होतो. मग एका दुपारी जेवताना ती म्हणाली, की तिला गिटार शिकायची आहे. सहज म्हणाली, पण माझा घास हातातच राहिला. ती माझ्याकडं कधी काही मागत नसे. मागायचं ते आईकडं.

ती डावखुरी आहे. ती लहान असताना आमच्या गावी, पाचोडला गेलो की माझी आई तिच्या डाव्या हातातला चमचा काढून उजव्या हातात द्यायची आणि पोरगी शांतपणे तो पुन्हा डाव्या हातात घ्यायची. सगळे हसायचे. तिच्या डाव्या हाताबद्दल मला ठाऊक होतं ते एवढंच.

ऊन उतरल्यावर तिला स्कूटरवर मागं बसवून मी औरंगपुऱ्यातल्या एका वाद्यांच्या दुकानात घेऊन गेलो. पुढं ढोलक्या, हार्मोनियम. गिटारी आत भिंतीला टांगलेल्या. दुकानदारानं एक काळी, लहान आकाराची गिटार काढून तिच्या मांडीवर दिली. तिनं ती घेतली आणि आपसूक उलटी धरली, दांडी उजवीकडं करून. दुकानदारानं हळूच सुलटी करून दिली.

मी म्हणालो, "ती डावखुरी आहे."

"मग काय झालं साहेब? दोन्ही हातांना काम असतंयच की. होतीय सवय," तो म्हणाला. त्याच्या बोलण्यात खोट नव्हती. बरेच डावखुरे तसंच शिकतात, असंही त्यानं सांगितलं, आणि मला ते पटलं.

मी तिला वाजवून बघायला सांगितलं. तिनं उजव्या हातानं तारा छेडल्या. हात लाकडासारखा ताठ होता. दुकानदार दुसऱ्या गिऱ्हाइकाकडं वळल्यावर तिनं गिटार पुन्हा उलटी केली, डावा हात तारांवरून फिरवला आणि तिचे खांदे सैल झाले. पण तशी धरली की जाड तार खाली जाते, बारीक वर येते. सगळं उलटं होतं. परत आल्यावर दुकानदार म्हणाला, तारा बदलून लावून देतो, पण गिटार उजव्या हाताचीच राहील. खरी डाव्या हाताची हवी असेल तर मुंबईहून मागवावी लागेल. तोवर हिची सुट्टी संपलेली असणार.

माझी अडचण तिथंच होती. तिची पहिली गिटार माझ्या घरी यावी, पहिली तार तिनं माझ्यासमोर छेडावी, असं मला फार वाटत होतं. मी विचारलं, "ही घेऊ या का?"

"चालेल," ती म्हणाली. माझ्याकडं आल्यावर ती सगळ्यालाच चालेल म्हणते.

मी बाहेर येऊन तिच्या आईला फोन लावला. आमचं बोलणं गाडीच्या वेळांपलीकडं जात नाही, पण या वेळी मी सगळं सांगितलं.

ती म्हणाली, "उजव्या हाताची नका घेऊ. पहिलीत तिच्या बाई तिला डावा हात मांडीखाली दाबून बसायला लावायच्या. उजव्या हातानंच लिहायचं म्हणून. घरी आल्यावर ती कुणाशी बोलायची नाही. शेवटी मी शाळा बदलली."

शाळा बदलली हे मला माहीत होतं. लांब पडते म्हणून, असं मला सांगितलं होतं.

"मला बोलली नाहीस कधी."

"सांगून काय झालं असतं? तुम्ही तिथं, आम्ही इथं." तिच्या आवाजात राग नव्हता.

फोन ठेवून मी फुटपाथवर उभा राहिलो. रिक्षा, गाड्या अंगाला घासून जात होत्या. दुकानाच्या काचेतून ती दिसत होती. स्टुलावर बसलेली, मांडीवर ती काळी गिटार. उजवा हात गिटारीवर होता. डावा हात तिनं मांडीखाली घातला होता.

मी आत जाऊन दुकानदाराला डाव्या हाताची मागवायला सांगितली.

"म्हणजे आत्ता नाही मिळणार?" तिनं विचारलं.

"नाही. आली की मी पुण्याला घेऊन येईन."

"तुम्ही स्वतः?"

"मी स्वतः."

घरी येताना ती मागून सारखी बोलत होती. अर्धं वाऱ्यात गेलं. शाळेचं मी काढलं नाही, तिनंही नाही.

गिटार आली तेव्हा मुलगी परत जाऊन बरेच दिवस झाले होते. रविवारपर्यंत गिटार तिच्या पलंगावर पडून होती. एकदा मी उचलून बघितली. माझ्या हातात ती उलटीच बसत होती. बोटं कुठं ठेवावीत कळेना. पुन्हा पिशवीत घातली आणि रविवारी सकाळच्या बसनं निघालो. गिटार वाटभर गुडघ्यांत धरून बसलो होतो.

तिच्या आईनं वर या, चहा घ्या म्हटलं. त्या घरात मी पहिल्यांदाच गेलो. भिंतीवर पेन्सिलीनं तिच्या उंचीच्या खुणा केलेल्या होत्या, एकावर एक. मी त्या बघत होतो तेवढ्यात पोरीनं गिटार मांडीवर घेतली. कुणाला काही सुलटं करून द्यावं लागलं नाही. डाव्या हातानं एक तार छेडली, माझ्याकडं बघितलं आणि हसली. स्वयंपाकघरातला भांड्यांचा आवाज थांबला होता. मी चहा संपवला. परतीच्या बसची वेळ झाली होती.

आता ती तिथंच क्लासला जाते. कधीकधी फोन करते, टेबलावर ठेवते आणि वाजवते. झालं की विचारते, ऐकू आलं का. परवा वाजवून झाल्यावर ती फोन बंद करायला विसरली. आईशी काहीतरी बोलली, खुर्ची सरकली, कुकरची शिट्टी झाली, दोघी कशाला तरी हसल्या. मी बराच वेळ फोन कानाला लावून ऐकत बसलो. मग माझ्या बाजूनं बंद केला.