बेडूक कोणी मारायचा

बेडूक मारायचा तर तो फडक्यात गुंडाळून डाव्या हातात धरायचा, बोटानं डोकं खाली दाबायचं, मानेवर जो खळगा लागतो त्यात सुई घालायची आणि फिरवायची. आधी मेंदूकडे, मग कण्यात. पाय ताठ होतात, थरथरतात आणि सैल पडतात. सुई चुकली तर तो अर्धाच मरतो आणि ते बघवत नाही. हे मी बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षानंतरच्या उन्हाळ्यात शिकलो, सत्तरचं दशक संपत आलं होतं तेव्हा, बेळगावात. पुढे सगळी नोकरी प्रयोगशाळेतच झाली, त्यामुळे मारण्याबद्दल मला कोणी शहाणपण शिकवू नये.

त्या सुट्टीत एका कॉलेजातल्या सरांनी आम्हा तिघा विद्यार्थ्यांना संशोधनाच्या कामाला घेतलं होतं. तंबाखूच्या अर्कानं स्नायू कसा आखडतो ते बघायचं होतं. बेडकाच्या पोटाचा स्नायू मिठाच्या पाण्यात टांगायचा, त्याला एक काडी जोडायची, आणि काजळी धरलेल्या फिरत्या ड्रमवर ती काडी रेघ ओढायची. तंबाखू निपाणीचा, म्हणजे आमच्याच गावचा. आप्पा तिथल्या वखारीत पोती उचलायचे आणि आई घरी विड्या वळायची. सरांनी शब्द टाकला तर धारवाडला एम.एस्सी.ला जाता आलं असतं, नाहीतर वखार होतीच. माझ्याबरोबर टिळकवाडीतल्या वकिलांचा मुलगा होता आणि एका प्राध्यापकांची मुलगी.

जनावरं मारायला एक शिपाई असायचा. तो गावच्या यात्रेला म्हणून गेला आणि परत आलाच नाही. सरांनी तिघांकडे बघितलं. बघितलं म्हणजे काय, त्या दोघांवरून नजर नुसती सरकली आणि माझ्यावर येऊन बसली.

"तू कर," ते म्हणाले. "तुमच्या लोकांना सवय असते."

आवाजात राग नव्हता, उलट मायाच होती. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. पण मला एम.एस्सी. हवी होती, म्हणून मी सुई उचलली.

मी मारायचो, कापायचो, स्नायू काढून द्यायचो. ते दोघं ड्रमसमोर स्टुलावर बसून रेघा मोजायचे आणि सरांशी इंग्रजीत चर्चा करायचे. मग आतड्यावरच्या प्रयोगासाठी ससे आले. सशाचे मागचे पाय धरून तो उलटा लोंबकळवायचा आणि कानामागं लोखंडी दांडा हाणायचा. एकदा घाव नीट बसला नाही. ससा लहान पोरासारखा किंचाळला. मुलगी कानावर हात ठेवून बाहेर पळाली, आणि आत येऊन मला म्हणाली, तुला काहीच कसं वाटत नाही? उत्तर दिलं असतं तर दांड्यानंच दिलं असतं.

आमच्या घरात हे का पचणार नव्हतं, ते सांगायला हवं. माझे आजोबा आमच्या मूळ गावातली मेलेली ढोरं ओढायचे आणि सोलायचे. त्यांच्या मागं ते काम आप्पांवर आलं. धम्म घेतल्यावर आप्पांनी कातडी सोलायची सुरी वेदगंगेत फेकून दिली. पुढच्याच आठवड्यात पाटलाचा बैल मेला आणि आप्पा ओढायला गेले नाहीत. गावानं त्यांना चावडीसमोर काठ्यांनी फोडून काढलं. उजवा हात कोपरात मोडला, तो पुन्हा कधी सरळ झाला नाही. मग घरदार सोडून ते निपाणीला आले आणि त्या वाकड्या हातानं पोती उचलायला लागले. कातड्याची चप्पलसुद्धा त्यांनी परत पायात घातली नाही, जन्मभर रबरीच.

मी यंत्रावर काम करतो, एवढंच त्यांना ठाऊक होतं.

बुद्धपौर्णिमेला मी घरी गेलो नाही, म्हणून तेच आले. सकाळी वंदना आटोपून, पांढरा सदरा घालून, खिरीचा डबा घेऊन त्यांनी बेळगावची बस धरली. दुपारी प्रयोगशाळेच्या दारात उभे राहिले तेव्हा माझ्या हातात ससा लोंबत होता आणि दांडा नुकताच खाली आला होता. सशाच्या नाकातून रक्त फरशीवर गळत होतं.

आप्पांनी सशाकडे बघितलं नाही. त्यांनी खोलीभर नजर फिरवली आणि मला विचारलं, "बाकीची दोघं काय करत्यात?"

ती मोजमाप लिहितात, मी म्हणालो.

त्यांनी डबा टेबलावर ठेवला आणि त्याच वाकड्या हातानं माझ्या कानाखाली अशी मारली की मी कपाटावर जाऊन आदळलो. काच फुटली, ओठही फुटला. सर धावले. संशोधनात मारावंच लागतं, माणसांच्या औषधासाठी असतं, असं काहीबाही सांगू लागले.

आप्पा हात जोडून म्हणाले, "मारू नगा म्हणत न्हाय मी, साहेब. ह्योच का, तेवढं सांगा."

सर पुन्हा औषधांचंच सांगू लागले. आप्पा निघून गेले. खीर तशीच राहिली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी बेडूक फडक्यात गुंडाळला आणि वकिलांच्या मुलापुढं ठेवला. आज तुझी पाळी, म्हटलं. तो हसला, मग सरांकडे बघून त्यानं सुई घेतली. ती खळग्यात न जाता डोळ्याजवळून बाहेर आली. बेडूक हातातून सुटला आणि फुटक्या डोक्यानं ड्रमवर उडाला. काजळी आणि रक्त एक झालं. पोरगा ओकला.

"संपव रे ते," सर माझ्यावर ओरडले.

मी संपवलं, कारण त्या मुक्या जिवाचं तरी काय चुकलं होतं? हात धुतले आणि ड्रमसमोरच्या स्टुलावर जाऊन बसलो. मी म्हणालो, पाळी लावा सर, माझ्या पाळीला मी मारीन.

सरांनी कॉलर धरून मला खेचलं. स्टूल उलटलं. दुसरा हात त्यांनी उगारला तो मी मनगटात पकडला, आणि उन्हाळाभर तडफडणारं धरून धरून माझी पकड चांगलीच तयार झाली होती. मी दाबत गेलो. त्यांचा चेहरा पांढरा पडला. मारावं असं फार वाटलं, अजूनही कधीकधी वाटतं. मग मी हात सोडला आणि त्यांनी मला दार दाखवलं.

एम.एस्सी.ला त्यानंतर वर्षभरानं, दुसऱ्याच गावी प्रवेश मिळाला. पण त्या दुपारी बसमधून निपाणीला येताना सगळं संपलं असंच वाटत होतं. आप्पा वखारीत होते. तंबाखूच्या धुळीनं माणसं खोकत होती. त्यांनी माझा सुजलेला ओठ बघितला, फाटलेली कॉलर बघितली. मी म्हणालो, पाळी लावा म्हटलं म्हणून काढलं मला सरांनी.

त्यांनी पाठीवरचं पोतं खाली टाकलं.

"ढोर वढलं न्हाईस न्हवं?"

"न्हाय, आप्पा."

"मग त्या बाजूनं धर," ते म्हणाले, आणि आम्ही दोघांनी पोतं उचललं.