सुटा पानफोर्ते

इटलीतल्या सिएना शहरात, एका दुकानात पानफोर्तेचे छोटे तुकडे, एकेक वेगळा गुंडाळलेला, टोपल्यांत रचून ठेवले होते. पानफोर्ते ही तिथली नाताळच्या थंडीतली मिठाई. बदाम, मध, साखरेत मुरवलेली संत्र्याची साल आणि मसाला एकत्र करून भाजलेली, केकपेक्षा चिवट आणि चिक्कीपेक्षा जरा मऊ. उज्ज्वलने एक टोपली पुढे ओढली.

"हे घे. वाटायला बरे. तुझ्या त्या बायकांनाही चालतील."

प्रियदर्शिनीने हातातला तुकडा परत ठेवला आणि मागच्या फळीवरचा ताटाएवढा, अख्खा पानफोर्ते मागून घेतला.

"अगं, हा कापणार कसा?"

"सुरीने. आपल्या घरी."

उज्ज्वल काय ते समजला आणि पैसे द्यायला वळला.

दोघेही नागपूरचे. तो सिंगापुरात तुआसला जहाजदुरुस्तीच्या यार्डात इंजिनीअर, ती आंग मो किओच्या एका इलेक्ट्रॉनिक्स कंपनीत तपासणी विभागाची प्रमुख. तिथे येऊन बरीच वर्षं झालेली. 'त्या बायका' म्हणजे मराठी बायकांचा गट. महिन्यातून एका शनिवारी जमायचं, प्रत्येकीने एक पदार्थ घरी करून आणायचा, असा रिवाज. गटाचा कारभार संजीवनीताईंकडे. वयाने सगळ्यांत मोठ्या, बोलायला गोड.

प्रियदर्शिनी पहिल्यांदा गेली तेव्हा भरली वांगी घेऊन गेली होती. वांगी तशीच परत आली. "पोटं फार भरली गं," असं सगळ्या म्हणाल्या आणि तिला ते पटलंही. मग एकदा संजीवनीताई तिच्या घरी आल्या. दिवाणखान्यातली बुद्धमूर्ती आणि बाबासाहेबांचा फोटो बघून त्या क्षणभर थबकल्या. चहा नको म्हणाल्या, उपास आहे म्हणाल्या. खोक्यातला ज्यूस मात्र चालला. ग्लास नको, नळीनेच पिते, म्हणाल्या.

तेव्हापासून दर महिन्याला त्यांचा फोन यायचा. "प्रिया, तू नोकरी करतेस, उगाच कशाला दमतेस? काहीतरी बाहेरचंच आण. पॅक केलेलं." प्रियदर्शिनी कधी लिटिल इंडियातून मिठाईचे डबे न्यायची, कधी सरबताच्या बाटल्या, कधी नुसत्याच कागदी ताटल्या. एकदा गटात नवीन आलेली प्रणिता सहज म्हणाली, "नोकरी तर मीही करते. मला कुणी दमू नकोस म्हणत नाही. गेल्या वेळी माझ्याकडून पन्नास पुरणपोळ्या करून घेतल्या!" त्या रात्री प्रियदर्शिनीचा डोळा लागला नव्हता.

इटलीहून परतल्यावर फोन आलाच. "ट्रिप छान झाली ना? मग तिकडचंच काहीतरी आण हो. सीलबंद असतं ना ते, तेच बरं."

"आणते," ती म्हणाली.

शनिवारी सकाळी तिने पानफोर्ते ओट्यावर ठेवला. कागद फाडला, खोका चपटा करून कचऱ्यात टाकला. सुरी तापवून घेऊन, दाब देऊन कापायला लागली. वरची पिठीसाखर हाताला चिकटत होती.

"निदान खोका तरी ने," उज्ज्वल म्हणाला. "काहून वाकड्यात शिरतेस? आपण परक्या देशात, चार मराठी माणसं भेटतात…"

"चार माणसं भेटतात, आणि मी ताटल्या नेते. बस झालं."

तिने तुकडे स्टीलच्या ताटात लावले, वर स्वच्छ रुमाल टाकला आणि बस पकडली.

संजीवनीताईंच्या कॉन्डो इमारतीच्या तळमजल्यावरचा हॉल गजबजला होता. तिने ताट बटाटेवड्यांच्या आणि कोथिंबीर वडीच्या मधोमध ठेवून रुमाल काढला.

"अय्या, हे काय?" प्रणिता पुढे आली.

"पानफोर्ते. इटलीतला. यात चक्क धणे असतात."

"गोडात धणे? कमाल आहे!"

संजीवनीताई एका हातात वडी घेऊन आल्या. त्यांनी ताटाकडे पाहिलं, मग ताटाच्या आजूबाजूला पाहिलं. "पाकीट कुठाय गं? अंडं-बिंडं आहे का बघितलं असतं."

"पाकीट टाकलं. अंडं नाही. बदाम, मध, मैदा, संत्र्याची साल, मसाला. तुम्ही विचारा, मी सांगते."

"आणि कापलं कुठे?"

"माझ्या ओट्यावर. माझ्या सुरीने."

संजीवनीताई हसल्या. "बरं बरं. आज माझा शनिवार आहे ना, उपास."

"ताई, हातात वडी आहे तुमच्या."

मागून कुणीतरी फिस्सकन हसलं. ताईंचा चेहरा उतरला. "तू उगाच भलता अर्थ काढतेस, प्रिया. आम्ही असलं काही मानत नाही. सिंगापुरात कोण मानतं?"

"तेच म्हणते मी. हॉकर सेंटरमधल्या खाण्याच्या गाळ्यांवर तुम्ही रांगेत उभ्या राहून चिकन राइस घेता. तिथे कढईमागच्या माणसाला आडनाव विचारलंत कधी?" प्रियदर्शिनीने ताट उचलून त्यांच्यासमोर धरलं. "मानत नाही ना? मग घ्या."

ताट जड होतं. तिचे हात दुखायला लागले, तरी तिने ते खाली ठेवलं नाही. ताईंनी वडी या हातातून त्या हातात घेतली. घेईनात, आणि नाहीही म्हणेनात.

प्रणिताने बाजूने हात घालून तुकडा उचलला. "आई गं, काय चिवट! माझा दात गेला तर बिल तुला पाठवीन हं." मग गटातल्या अनघाने घेतला, आणखी दोघींनी घेतला. बाकीच्या मोबाइल बघत राहिल्या. एकजण पाणी प्यायच्या निमित्ताने उठून गेली.

"राहू दे, मी नंतर घेईन," संजीवनीताई अखेर म्हणाल्या. "पुढच्या महिन्याचं काय ते मी फोन करून सांगते तुला."

"फोन नका करू, ताई. पुढच्या महिन्यात सगळ्यांनी माझ्याकडे यायचं. आंग मो किओला, फ्लॅटवर. स्वयंपाक सगळा मी करणार. कुणी काही आणायचं नाही, सीलबंदसुद्धा नाही."

घरी आल्यावर उज्ज्वलने आधी ताटाकडे पाहिलं. अर्ध्याहून जास्त तुकडे शिल्लक होते. तिने झालेलं सगळं सांगितलं.

"आणि कुणीच आलं नाही तर?"

"प्रणिता येणार म्हणालीय."

"एकटी प्रणिता?"

"एकटी आली तरी पंधरा जणींचा स्वयंपाक करीन," प्रियदर्शिनी म्हणाली. "मोठं पातेलं नाही आपल्याकडे. चल, दुकानं उघडी आहेत तोवर घेऊन येऊ."