उरलेलं पाणी

अम्मीने भरलेला हंडा कंबरेवर घेतला होता. मुकादम म्हणाला, "ओत मागं." विहिरीचे मालक हाजीसाहेब खुर्चीवर बसून बघत होते. अम्मीने हंडा पिंपात रिकामा केला. त्या पिंपात इफ्तारीचं सरबत होणार होतं. त्याच इफ्तारीसाठी लागणारी भांडी ती त्यांच्याकडे दुपारपासून रोज्याच्या कोरड्या तोंडाने घासत होती.

मी नववीत होते. मे महिना. किन्हवलीजवळच्या आमच्या वस्तीचा हातपंप आटलेला. हाजीसाहेबांची विहीर आटत नाही. तिच्यावर टँकर भरतात आणि वाशिंदच्या नव्या इमारतींकडे जातात.

वाटेत अम्मी एवढंच बोलली, "त्यांना अल्लाने दिलंय, आपल्याला नाय."

मी ते खरं मानलं. कॉलेजात शिकवलं, गरजा अमर्याद, साधनं मर्यादित. तेही खरं मानलं. माझी फी हाजीसाहेब दरवर्षी गरिबांसाठी काढत त्या जकातीतून भरली जायची. दर ईदला मी त्यांना सलाम करायला जायची. मनापासून.

शेवटच्या वर्षी ग्रंथालयात इस्लामी अर्थविचारावरचं एक पुस्तक हाती लागलं. देणाऱ्याने सगळ्यांना पुरेल एवढं दिलं आहे. टंचाई अडवणाऱ्याच्या हातून येते. पाणी, चारा, विस्तव यांत सगळी माणसं भागीदार. आपली गरज भागल्यावर उरलेलं पाणी अडवायचं नाही. आणि जकात म्हणजे उपकार नव्हे, घेणाऱ्याचा हक्क. माझे कान तापले. इतकी वर्षं मी माझ्याच हक्कासाठी वाकत होते.

यंदा रोजे लवकर आले. पंप त्याहून लवकर आटला. जकातीच्या पिशव्या वाटताना फोटोवाला उभा होता. माझं नाव पुकारलं. मी पिशवी घेतली नाही.

"हाजीसाहेब, विहिरीचं फाटक उघडा. आधी वस्तीला पाणी, मग टँकर."

ते लोकांकडे बघून हसले. "हिला शिकवली कोणी? मीच ना? आज फाटक मागते, उद्या तिजोरीची चावी मागेल."

लोकही हसले.

"तुम्हीच शिकवलंत," मी म्हटलं. "म्हणून वाचता आलं."

मग कोणी हसलं नाही. निघताना मुकादम जवळ आला. अगदी हळू बोलला. "दोन कुत्रे आणलेत गो नवे. उद्यापासून विहिरीवर मोकळे सोडणार. अम्मीला सांगून ठेव."

सांगितलं. अम्मीने दाराला आतून कडी घातली. माझ्यासोबत विहिरीवर यायला वस्तीत अजून कोणी हो म्हणालेलं नाही. शेजारच्या ठाकरवाडीतल्या दोघी म्हणाल्या, बघू.

उद्या पहाटे फजरची नमाज झाली की मी फाटकाशी जाणार आहे. कोणी आलं तर सोबत, नाहीतर एकटी. पाणी मागायला नाही. घ्यायला.