पिशवीखालचा पेपर

माझं शिक्षण चौथीपर्यंत. पण नर्सिंगच्या पंधरा-वीस मुली तरी माझ्या जिवावर पास झाल्या आहेत. त्याची नोंद कुठे नाही.

करी रोडच्या आमच्या चाळीत दर वर्षी दिवाळी आटपली की नर्सिंग कॉलेजच्या मुली चार आठवड्यांसाठी येतात. वॉर्डात खाटेवरचा पेशंट बघून झाला की त्यांना घरातला माणूस बघायला पाठवतात. प्रत्येकीला एकेक घर वाटून देतात आणि त्याला 'कुटुंब' म्हणतात. माझा मुलगा आणि सून सकाळी आठला कामावर जातात ते दिवेलागणीला येतात. मुली येतात अकराला. त्यामुळे आमच्या घरी कुटुंब म्हणजे मी एकटी.

पहिल्या दिवशी त्यांच्या मॅडम सगळ्यांना गॅलरीत उभं करून ओळख करून देतात. आमची, मुलींना. मुलींची आम्हाला कुणी करून देत नाही. पहिल्या वर्षी मी दारात तांदूळ निवडत बसले होते. मॅडमनी माझ्याकडे हात केला आणि म्हणाल्या, "मुलींनो, इतके दिवस तुम्ही हॉस्पिटल पाहिलंत. ही कम्युनिटी." कोण आलं म्हणून मी मागे वळून पाहिलं. मागे भिंत होती.

"इथे पेशंट तुमच्याकडे येत नाही, तुम्ही त्याच्या घरी जाता," मॅडम पुढे सांगत होत्या. "घरात शिरलात की डोळे उघडे ठेवा." मुलींनी माना खाली घालून वहीत लिहून घेतलं, डोळे उघडे ठेवा.

मग त्यांचे प्रश्न. पाणी उकळून पिता का? कचऱ्याच्या डब्याला झाकण आहे का? पहिल्या वर्षी मी खरं सांगितलं की पाणी उकळत नाही, गाळून घेते. त्यावर मुलीने पिशवीतून तक्ता काढला, खिळ्याला टांगला आणि पाऊण तास मला जंतूंची चित्रं दाखवली. गॅसवरची डाळ करपली. दुसऱ्या वर्षी शेजारच्या खोलीतल्या मालवणी बाईने मला शहाणं केलं. "होय म्हणायचा नि मोकळा होवचा," ती म्हणाली. "नाय म्हटलंस तर चित्रां दाखवत बसतत."

तेव्हापासून आमचा सगळा मजला होय म्हणतो. कागदावर आमच्याइतकी निरोगी चाळ लालबाग-परळात दुसरी नसेल. मुली खूश, मॅडम खूश, आणि डाळ करपत नाही.

मागच्या वर्षी मात्र या होयच्या नादात माझा उजवा पाय जायची वेळ आली होती.

मला साखर आहे, जुनी. तळपाय कधीचेच बधिर झालेत. चप्पल पायातून निसटली तर मला जिना उतरून खाली गेल्यावर कळतं. भाचीच्या लग्नासाठी नवी चप्पल घेतली, तिचा पट्टा करंगळीला घासला. दुखलं नाही, म्हणून कळलं नाही. कळलं तेव्हा आठ दिवस झाले होते आणि करंगळी बाजूने काळपट झाली होती. मी हळद भरली, चिंधी बांधली आणि वरून मुलाचे मोजे चढवले. सुनेला म्हटलं, पाय गार पडतात. ती म्हणाली, "आई, अंगाची लाही होतेय नि तुम्हाला थंडी?" आणि डबा घेऊन गेली. तिला गाडी गाठायची होती.

मी मूर्ख नाही. हे दाखवायला हवं हे मला समजत होतं. पण माझी थोरली जाऊ अशीच बोट दाखवायला हॉस्पिटलात गेली आणि गुडघ्यापासून खाली काही न घेता परत आली. आमचे संडास गॅलरीच्या त्या टोकाला. शेवटची दोन वर्षं तिला दोन माणसं उचलून तिथे न्यायची, आणि सगळी चाळ आपापल्या दारात उभी राहून मान दुसरीकडे करायची. त्या मान वळवणाऱ्यांत मीही होते. मला मरणाचं भय नाही. त्या गॅलरीतून उचलून नेण्याचं आहे. म्हणून ठरवलं, कुणाला सांगायचं नाही.

आणि नेमकी तेव्हाच ही मुलगी माझ्या वाट्याला आली. यवतमाळकडची, काटकुळी, वेणी घट्ट घातलेली. आल्या आल्या तिने खांद्यावरची पिशवी काढली, पण खाली ठेवेना. आधी एक वर्तमानपत्र काढून जमिनीवर पसरलं, आणि मग त्यावर पिशवी ठेवली.

सगळ्याच मुली हे करतात. मी दर वर्षी गिळून टाकत आले. त्या दिवशी बोलले.

"का गं, माझी लादी चालत नाही तुझ्या पिशवीला? सकाळीच पुसलीय. तुमच्या वॉर्डापेक्षा स्वच्छ असेल."

"तसं नाही आजी, नियम आहे. तुमच्या घरातलं काही पिशवीला लागू नये, आणि पिशवीतलं तुमच्या घराला लागू नये. मी दिवसातून चार घरं फिरते."

"मग दुसरं आधी सांगायचं. पाट देते, त्याच्यावर ठेव."

"पाट नाही चालत. पेपरच पाहिजे. मॅडम मार्क कापतात."

"ठेव बाई. तुझ्या मार्कांपुढे माझी लादी काय."

ती हसली नाही. हात धुवायला पाणी मागितलं, प्रेशर घेतलं, बोट टोचून साखर बघितली. साखर जास्त होती. तिने फाइल उघडली. त्या फाइलमध्ये कुटुंबाचं सगळं असतं, कोण किती शिकलं इथपासून संडास कुठे आहे इथपर्यंत.

"आजी, साखर आहे म्हणून पाय बघायला लागतात. मोजे काढता का?"

"आता अंघोळ करून घातलेत. पुढच्या खेपेला."

"जखम वगैरे काही नाही ना?"

"नाही."

तिने घड्याळ बघितलं. अजून तीन घरं होती. तिने लिहिलं, जखम नाही. मला बरं वाटलं. इतक्या वर्षांच्या होयनंतर एक नाही सुद्धा खपलं.

दुसऱ्या खेपेला मी सांगितलं, गुडघा वाकत नाही. तिसऱ्या खेपेला ती यायच्या आधीच देवपूजेला बसले आणि ती जाईपर्यंत उठले नाही. मधल्या वेळात तिची माहिती मीच काढून घेतली. दहा महिने घरी गेली नव्हती. नाताळची सुट्टी लागली की जाणार होती, तिकीट काढून झालं होतं. त्याआधी मॅडम एकदा घरी येऊन तिचं काम बघणार, आणि कुटुंबाची फाइल तपासणार. ते नीट झालं की सुटली.

चौथ्या खेपेला ती आली ती मॅडम यायच्या आदल्या दिवशी. पेपर पसरला, पिशवी ठेवली. मी खाटेवर पाय खाली सोडून बसले होते. ती माझ्या दंडाला प्रेशरचा पट्टा बांधत होती, तेव्हा माझा उजवा पाय त्या पेपरच्या कडेवर होता. असेल. मला काय कळणार, पाय बधिर. काम झालं, मी मोरीकडे उठून गेले. ती पेपरची घडी घालायला वाकली आणि तशीच राहिली.

"आजी, हे काय आहे?"

पेपरवर डाग होता. पिवळट, मध्ये जरा लाल, करंगळीएवढा. लादीवर पडला असता तर मी पुसून मोकळी झाले असते. पेपरने तो पिऊन धरून ठेवला होता.

"चहा सांडला असेल," मी म्हटलं.

तिने पेपर नाकाशी नेला. "चहाला असा वास येत नाही. मोजा काढा."

"नाही काढत."

"आजी!"

"ओरडू नको. भिंती पातळ आहेत." मी परत खाटेवर बसले आणि तिला नीट समजावून सांगितलं. जावेचं सांगितलं. मग म्हटलं, "हे बघ बाय. उद्या तुझ्या मॅडम येतात. तुझ्या फाइलीत काय लिहिलंय? जखम नाही. आता तू जखम आहे म्हणालीस तर त्या विचारतील, मग तीन वेळा जाऊन तू बघितलंस काय? तुझी सुट्टी गेली. आणि जखम आहे म्हटलं की माझा पाय गेला. दोघींचं नुकसान. तू गप्प बस, मी गप्प बसते. तू गावाला जा."

तिने फाइल उघडून ते पान काढलं. मग म्हणाली, "मी न बघता काहून लिहिलं?" ते मला विचारलेलं नव्हतं. पेपरची घडी डाग आत करून घातली, पिशवीत ठेवली आणि गेली. मला वाटलं, पोरगी हुशार आहे, समजली. संध्याकाळी मी भाकरीबरोबर सुकट केली आणि दोन घास जास्त जेवले.

दुसऱ्या दिवशी अकराला दोघी आल्या. पेपर पसरला गेला. मॅडम खुर्चीवर बसल्या आणि फाइल वाचू लागल्या. पान उलटायचं, मान हलवायची. "छान. आजींचं वय बघता तब्येत बरीच चांगली दिसते. पायाला जखम नाही..."

"मॅडम, ते चूक आहे," मुलगी म्हणाली. "ते मी न बघता लिहिलंय. आजींच्या उजव्या पायाला जखम आहे. पू येतो."

मॅडमनी फाइल मिटली. "न बघता म्हणजे?"

"विचारून लिहिलं. त्या नाही म्हणाल्या."

"किती वेळा?"

"तीन."

मग मॅडम जे बोलल्या ते मी इथे सगळं सांगत नाही. वॉर्डात असं केलं असतंस तर माणूस मेला असता, असं एक वाक्य होतं. ही केस मार्कांत धरायची नाही, हे एक होतं. सुट्टीत थांबून हे घरोघर फिरायचं पोस्टिंग पुन्हा करावं लागेल, हे शेवटचं. मुलगी लादीकडे बघत उभी होती. रडली असती तर मला सोपं गेलं असतं. आजकालच्या मुलींना रडू येतंच असं मी म्हणून टाकलं असतं.

मॅडम माझ्याकडे वळल्या. "आजी, पायाला काही झालंय का?"

आता माझी पाळी होती, आणि ती सोपी होती. नाही म्हटलं असतं तर पाय झाकलेला राहिला असता. माझ्यासारख्या म्हाताऱ्या बाईचा मोजा जबरदस्तीने कोण ओढणार? पण मग त्या पोरीने आधी न बघता लिहिलं, आणि आता उगाच काहीतरी बोलली, असं दोन्हीकडून झालं असतं. खरं बोलून तिने तिकीट घालवलं होतं. तिला खोटी पाडायला माझी जीभ वळली नाही. इतक्या वर्षांत ती पहिल्यांदाच वळली नाही, म्हणून मला स्वतःचाच राग आला.

"झालंय," मी म्हटलं आणि मोजा ओढला. चिंधी चिकटली होती. ती मुलीने पाण्याने भिजवून सोडवली. मॅडम खुर्चीवरून उठून खाली बसल्या, माझ्या लादीवर, पेपर न पसरता.

त्याच दुपारी परळला हॉस्पिटलात नेलं. मुलगा आणि सून ऑफिसातून धावत आले आणि मलाच ओरडले. डॉक्टर पोरगेलासा होता. म्हणाला, "आजी, आणखी पंधरा दिवस उशिरा आला असतात तर पाऊल गेलं असतं. आता करंगळीवर भागेल." करंगळीवर भागलं. जिना मी पाचव्या दिवशी माझ्या पायाने चढले. गॅलरीतून चालत संडासापर्यंत गेले आणि चालत परत आले, काम नसताना. मालवणी बाई दारात उभी होती. "काय गो, मोजूक गेलं हुतंस काय किती पावलां ती?" मी म्हटलं, "हो. सगळी माझीच निघाली."

बाकीच्या मुली सुट्टीला गावी गेल्या. ही थांबली, आणि पुन्हा पोस्टिंग करायचं म्हणून तिला आमचीच चाळ दिली. एक दिवसाआड यायची, पेपर पसरायची, ड्रेसिंग करायची. तिची आई फोनवर रडायची, आणि ही माझ्या पायाला पट्टी बांधत खांद्यात फोन धरून "बरं, बरं" म्हणायची. एकदा मी म्हटलं, "माझ्यामुळे राहिलीस."

"नाही," ती म्हणाली. "माझ्यामुळे राहिले. पाय हलवू नका."

तशी ती गोड बोलणारी नाही. म्हणूनच जमलं.

पाणी मी अजून उकळत नाही. ते तिला माहीत आहे. नव्या पोस्टिंगच्या दुसऱ्याच खेपेला तिने पातेलं उघडून बघितलं आणि लिहिलं, उकळत नाही. चित्रं मात्र दाखवली नाहीत.

शेवटच्या दिवशी नवी फाइल पूर्ण करायला ती खाटेजवळ बसली. मला फाइल वाचता येते, अक्षर लावून लावून. शेवटच्या पानावर एक चौकट होती, कुटुंबाचं सहकार्य. तिने विचारलं, "आजी, इथे काय लिहू?"

"मला काय विचारतेस? विचारून लिहायची खोड अजून गेली नाही वाटतं."

तिने माझ्याकडे बघितलं, मग पायाकडे, चार बोटांकडे. आणि लिहिलं, सुरुवातीला नव्हतं.

ते खरं होतं. मी हरकत घेतली नाही.