टाकीने प्यायलेलं पाणी

२०१९ साल. मी सहासष्ट वर्षांचा. मरोळ गावठाणातल्या आमच्या घरावरून विमानं जातात. त्यांची पोटं जन्मभर खालून बघितली, आत बसायची पाळी त्या साली आली. चर्चमधून सहा जण मलावीला सेवेसाठी चालले होते. तिथल्या एका मिशनच्या शाळेला पावसाचं पाणी धरायला टाकी बांधून हवी होती. बाकीचे पाच शिकलेले. गवंडी मी एकटा.

रिक्षात बसताना मोनिकाने, म्हणजे आमच्या मंडळींनी, पिशवीत घरच्या तिखट बाटली मसाल्याची बरणी कोंबली आणि म्हणाली, "पास्कू, देवाच्या कामाला चाललायस. तिथं कोणावर ओरडू नको. देव ऐकतो."

"देवाचे कान चांगलेच आहेत गं. बिगाऱ्यांना ऐकू येत नाही म्हणून ओरडावं लागतं," मी म्हटलं.

विमानतळावर हातातल्या पिशवीतला माझा ओळंबा काढून घेतला. म्हणे हत्यार आहे. मी सांगतोय, बाबा, याने भिंत सरळ होते, याने कोणी मरत नाही. कोण ऐकतो? शॅरन, बोरिवलीची आमची लीडर, सव्वीस वर्षांची पोरगी, मला दंडाला धरून पुढे घेऊन गेली. म्हणाली, "काका, जाऊ द्या ना, तिकडे दगडाला दोरी बांधू." ओळंबा बापाचा होता. जाऊ द्या कसं?

गावठाणातले तुम्ही लोक भेटलात की विचारता, कसं होतं तिकडे? माझ्याबरोबर आलेल्या पाच जणांनी तुम्हाला फोटो दाखवलेत. त्यात आम्ही सगळे हसतोय. मी चौथीपर्यंत शिकलेला, मला लिहायची सवय नाही. पण फोटोत नाही ते कोणीतरी सांगायला हवं, आणि त्या पाच जणांनीही हे वाचावं.

पहिले दहा दिवस फुकट गेले. सिमेंट आलं नव्हतं. सकाळी प्रार्थना, मग गाणी, मग शॅरनचं 'शेअरिंग'. गोल बसायचं आणि आज देवाने आपल्याला काय दाखवलं ते सांगायचं. माझी पाळी आली की मी म्हणायचो, "देवाने सिमेंट दाखवलं नाही." सगळे हसायचे. मी विनोद करत नव्हतो. तीन आठवड्यांचा व्हिसा, त्यातले दहा दिवस गाण्यात. जेवायला मक्याच्या पिठाचा घट्ट गोळा आणि उकडलेला घेवडा. आपल्या तांदळाच्या उकडीसारखा म्हणावा तर मीठ नाही. बाटली मसाला घातला, तरी घशाखाली उतरेना.

अकराव्या दिवशी सिमेंट आलं आणि मला जरा माणसासारखं वाटलं. विटा तिथल्याच, भाजलेल्या, बऱ्या होत्या. तीन दिवसांत गोल टाकी उभी केली, आतून-बाहेरून गिलावा केला. असा गिलावा आता अंधेरीत कोणी करत नाही. आता सगळं घाईचं काम. हात फिरवला तर काचेवर फिरवल्यासारखा वाटेल, असा तो गिलावा.

गिलाव्याला पाणी मारावं लागतं, हे तुम्हाला ठाऊक आहे. नाही मारलं तर तो तडकतो, आणि तडकलेली टाकी म्हणजे नुसती गोल भिंत. बापूस मला कामावर ठेवायचा तेव्हा एवढंच बोलायचा, "सात दिवस पाणी. आठव्या दिवशी मला तोंड दाखव." मी पन्नास वर्षं तेच केलं. तिथेही तेच सुरू केलं. दिवसाला दोन ड्रम. सप्टेंबरचं ऊन असं, की मारलेलं पाणी बघता बघता सुकायचं.

पाणी बायका आणायच्या. डोक्यावर पिवळे कॅन, दहा-बारा बायका एका ओळीत, गाणं म्हणत यायच्या. आपल्याकडे लग्नाच्या आदल्या दिवशी बायका वाजतगाजत विहिरीवर उंबराचं पाणी आणायला जातात ना, मला अगदी तसं वाटलं. आपली विहीर बुजवून वर पार्किंग झालं, आता आपण ते पाणी हॉलच्या नळावरून आणतो, पण गाणी तीच. तेव्हा डोक्यावर पाणी आणि तोंडात गाणं म्हणजे आनंदाचं काम, असं माझ्या डोक्यात पक्कं बसलेलं. विहीर असेल झाडामागे कुठेतरी. मी विचारलंच नाही. त्यांच्या भाषेत पाण्याला मादझी म्हणतात. तो एकच शब्द मी शिकलो आणि तोच दिवसभर ओरडत होतो. मादझी! मादझी! बायका कॅन ओतायच्या, कमरेच्या कापडाने तोंड पुसायच्या आणि परत जायच्या.

पाणी मारायच्या तिसऱ्या दिवशी दुपारी ड्रम रिकामा. मी ओरडलो. त्या बायकांत एस्तेरी नावाची एक होती, माझ्यापेक्षा चार-पाच वर्षांनी लहान असेल. शाळेतल्या पोरांची लापशी तीच शिजवायची. ती आली, माझ्या हातातली थापी काढून विटांवर ठेवली आणि मनगट धरून मला शाळेमागे घेऊन गेली. तीन दगडांची चूल, थंड. पातेलं पालथं. पोरं हातात कप घेऊन बसली होती. त्यांतली काही उठून घराकडे चालायला लागलेली.

एस्तेरी बोलली. शाळेच्या मास्तरांनी ते इंग्रजीत सांगितलं आणि शॅरनने मराठीत. सांगताना ती माझ्याकडे बघत नव्हती.

"काका, ती म्हणतेय, पाहुण्याला आम्ही पाणी नाही म्हणत नाही. पण भिंत अजून किती दिवस पिणार आहे ते सांगा. तितके दिवस पोरांना घरीच ठेवू."

"मग आधी का नाही बोलली?"

"कोण बोलणार तुमच्याशी? काल मास्तर दोनदा आले. तुम्ही त्यांना थापी दाखवून हाकललंत."

"विहिरीवरून अजून दोन फेऱ्या जास्त मारायच्या, त्यात काय?"

"विहीर नाहीये, काका. टेकडीपलीकडे नदीची वाळू उकरतात, त्यात झिरपतं ते वाटीने भरतात. जाऊन यायला तीन तास."

"आणि टाकी तडकली तर? पावसाचं पाणी काय या कपांत धरणार?"

शॅरनने याचं भाषांतर केलं नाही. मास्तरांनी विचारलं, काय म्हणाले? ती म्हणाली, काही नाही.

माझं चुकलं असं मी आजही म्हणणार नाही. गिलाव्याला सात दिवस पाणी लागतं, मलावीत काय आणि मरोळमध्ये काय. पोरांना लापशी लागते हेही खरं. दोन्ही खरं आणि पाणी एकच, अशा जागी मला कोणी आणून उभं केलं, याचा मला राग येतो. आणि त्याहून जास्त राग याचा, की तीन दिवस ते पाणी माझ्या हातून गेलं आणि मला कळलं नाही.

परत आल्यावर फादर म्हणाले, रविवारी मिस्सा झाल्यावर अनुभव सांगा. मी नाही सांगितला. त्या पाच जणांतल्या एकाने सांगितला. त्यांच्याकडे काही नाही तरी ते किती हसतात, असं तो म्हणाला. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मी शेवटच्या बाकावरून ओरडणार होतो, मोनिकाने हात दाबला. हसत नव्हते रे ते. दमले होते आणि आपण पाहुणे होतो.

टाकीचं विचाराल तर, ती गळते. तिथल्या पहिल्याच पावसाळ्यात शॅरनने फोनवर फोटो दाखवला. कमरेइतक्या उंचीवर एक बारीक चीर, तिच्याखाली ओल. चिरेच्या खाली भरतं तेवढं ते वापरतात. माझ्या हातची पन्नास वर्षांतली ही एकच गळकी टाकी, आणि ती अशा गावात.

आणि घर? घर म्हणजे मरोळच. सहासष्ट वर्षं नळ सोडला, पाणी आलं, ते कुठून येतं हे विचारायची गरज पडली नाही, ती ही जागा. आता बादली भरली की मी नळ बंद करतो. मोनिका ओरडते, "अरे, अजून धुणं भिजवायचंय, सोड ना!" ती बरोबरच बोलते. पण मला माझ्याच मोरीत पाहुण्यासारखं वाटतं, आणि हे तिला कसं समजवावं ते कळत नाही.

एस्तेरीने मला चुलीपाशी नेलं, त्याच्या दुसऱ्याच दिवशी सकाळी, उजाडायच्या आत, मी एक पिवळा कॅन उचलला आणि बायकांच्या ओळीत मागे जाऊन उभा राहिलो. त्या खूप हसल्या. एस्तेरीने कॅन माझ्या डोक्यावर ठेवून बघितला, तो पडला, मग त्या आणखी हसल्या. जाताना सगळ्या गात होत्या. येताना मी गाणं ऐकलं तेव्हा कळलं, पाय पुढे पडावेत म्हणून ते म्हणायचं असतं. माझा कॅन अर्धाच भरला होता, तोही मी चार ठिकाणी खाली ठेवला.

टाकीचा गिलावा सुकून पांढरा पडला होता. लांबूनच दिसला. मी तिच्याजवळून गेलो, थांबलो नाही, आणि कॅन एस्तेरीच्या पातेल्यात रिकामा केला.